नवा रेडिएटर, नवा पंप, नवा थर्मोस्टॅट, तरी १९३९ ची प्लिमथ हीट होतेच: दोष कुठे लपतो आणि कसा शोधायचा

प्रॉब्लेम आधी सांगतो, म्हणजे ज्यांच्या गाडीला हेच होतंय त्यांना लगेच ओळख पटेल. गाडी थंड असताना पहिल्या सेलला चालू होते, पहिली पंधरा-वीस मिनिटं मस्त पळते, मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटाही जागेवर, आणि मग कुठेतरी चार सिग्नल लागोपाठ लाल लागले की काटा चढायला लागतो, इंजिन मिसिंग मारतं, पिकअप जातो, बॉनेटमधून तापलेल्या रंगाचा वास येतो, आणि बंद केली तर अर्धा-पाऊण तास परत चालू व्हायचं नाव घेत नाही. थंड झाली की जणू काही झालंच नाही. थर्मोस्टॅट बदलला की आठ दिवस बरं वाटतं, परत तेच. मग रेडिएटर, मग पंप, मग फॅनबेल्ट, खर्च वाढत जातो आणि दुखणं तिथंच.

माझी गाडी १९३९ ची, अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीची प्लिमथ पी-८, चार दरवाज्यांची सेडान. मी डेट्रॉइटच्या बाहेर उपनगरात राहतो, प्लिमथचा मुख्य कारखाना याच शहरात लिंच रोडवर होता, त्यामुळे इथे या गाड्या आणि त्यांचे पार्ट बऱ्यापैकी मिळतात. ही काही श्रीमंतांची गाडी नव्हती, साध्या नोकरदार माणसाने बायको-पोरांसाठी घ्यायची गाडी होती, आणि म्हणूनच मला ती आवडते. २०१.३ क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण ३.३ लिटरचं फ्लॅटहेड (म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असलेलं) सहा सिलिंडर इंजिन, ८२ हॉर्सपॉवर, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. स्पीडोमीटर तर बघत राहावं असा, रात्री ३० मैलांपर्यंत त्यातला दिवा हिरवा, ३० ते ५० पिवळा आणि ५० च्या वर लाल. माझी मुलगी मागच्या सीटवरून मान लांब करून बघत असते आणि ५० ओलांडले की ओरडते, "बाबा, लाल झाला!"

दोन वर्षांपूर्वी ही गाडी विकायला आहे असं कळलं तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं की पूर्ण रिस्टोअर केलेली, रंग नवा, क्रोम नवं, सीटचं कापड नवं, वायरिंग नवं, रेडिएटर री-कोर केलेला, म्हणजे आतला जाळीचा गाभा बदललेला, वॉटर पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, होज नवे, फॅनबेल्ट नवा. मी ती यादी वाचून खूश झालो. आज तीच यादी समोर ठेवली तर मला वेगळीच गोष्ट दिसते. वायरिंग, रंग, कापड हे रिस्टोअर करताना सगळेच करतात, पण रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, होज, बेल्ट, कूलिंगचं एकूण एक सामान नवं असेल तर आधीचा मालक हीटिंगच्या मागे लागला होता आणि त्याला ते सापडलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. विकणारा गृहस्थ खोटं बोलला असं मी अजिबात म्हणत नाही. त्याने जे लिहिलं ते सगळं खरंच नवं होतं. पेशंटची जुनी फाइल वाचावी तशी ती यादी मी वाचायला हवी होती.

पहिला दणका बसला वुडवर्ड अॅव्हेन्यूवर. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे ड्रीम क्रूझ असतं, १९९५ पासून चालू आहे, हजारो जुन्या गाड्या एकाच रस्त्यावर मुंगीच्या चालीने जातात. जुन्या गाडीच्या कूलिंगची याहून कडक परीक्षा नाही. बर्मिंगहॅमच्या जवळ गाडी इतकी तापली की कडेला घ्यावी लागली, घरचे सगळे गाडीत, बाहेर कडक ऊन, आणि मी बॉनेट उघडून नुसता उभा. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी थर्मोस्टॅट परत बदलला, १६० फॅरनहाइटचा टाकला, रेडिएटर काढून उलटा फ्लश केला, इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघितलं, बेल्ट ताणला. उन्हाळा आला, परत तेच.

खरं निदान झालं ते कोल्हापुरातून. माझा चुलतभाऊ उद्यमनगरात गॅरेज चालवतो, त्याच्या उस्तादांनी तरुणपणी पेट्रोलवरचे फार्गो ट्रक दुरुस्त केलेले. १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सवाले क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडायला लागले, डॉज, डिसोटो, प्लिमथ, ट्रकही, आणि त्यातली बरीच इंजिनं याच फ्लॅटहेड घराण्यातली. मी व्हिडिओ कॉलवर दादाला इंजिन दाखवलं, काय काय नवं घातलं ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरं, पंप नवा घातलास, पाणी ढकलतोय, पण ते पाणी मागं सहाव्यापर्यंत पोचतंय काय, ते बघितलास काय?"

मी म्हटलं, "दादा, ते कसं बघणार? ब्लॉकच्या आत आहे ना."

"हात लावून बघ की. पुढचा भाग आणि मागचा भाग. पाटाला पुढंच भगदाड पडलं तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी कुठलं यायचं?"

या एका वाक्यात सगळं आलं. ज्यांच्या गावाकडे कालव्याचं पाणी आहे त्यांना वेगळं समजावायची गरज नाही, बाकीच्यांसाठी, टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आणि इंजिनातलं नीट सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढच्या दुरुस्तीला अर्थ नाही. त्या काळच्या क्रायस्लरच्या या इंजिनात वॉटर पंप पुढे असतो आणि पंपाच्या मागे, ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) पोटात, पुढून मागपर्यंत एक लांब चपटी पत्र्याची नळी सरकवलेली असते, तिला वॉटर डिस्ट्रिब्युशन ट्यूब म्हणतात. पंपाचं थंड पाणी आधी या नळीत जातं, आणि नळीला ठराविक अंतरावर तोंडं असतात त्यातून प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास पाणी सुटतं, म्हणजे पहिल्याला जेवढं थंड पाणी तेवढंच सहाव्याला. मग ते वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, चढतं आणि हेडच्या पुढच्या टोकाला थर्मोस्टॅटमधून रेडिएटरला जातं. आता ही नळी मूळची पत्र्याची, साधी गंजणारी. ऐंशी वर्षांत ती कुजते, आणि पुढच्या बाजूलाच भोकं पडली की पंपाचं सगळं पाणी तिथंच बाहेर पडतं, तिथल्या तिथे वर चढतं आणि पुढूनच रेडिएटरला निघून जातं. मागच्या दोन सिलिंडरपाशी पाणी असतं, पण जुनंच, साचलेलं, हलत नाही. मोकळ्या रस्त्यावर कसंबसं भागतं, सिग्नलला थांबलं की मागचा भाग उकळतो. रेडिएटर कितीही मोठा लावा, टेलला पाणीच जात नसेल तर काय उपयोग?

आणि हे काट्यावर पूर्ण दिसत नाही, कारण काटा जिथे त्याचा बल्ब बसवलाय त्या एका जागेचं सांगतो, सहाही सिलिंडरचं नाही.

हात लावून बघायच्या ऐवजी मी बंदुकीसारखा रोखून धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, तो स्वस्तात मिळतो. एक लक्षात ठेवा, चकचकीत पत्र्यावर किंवा क्रोमवर ही बंदूक चुकीचं, बहुतेक वेळा कमी तापमान दाखवते, म्हणून हेडवर सहा ठिकाणी मॅट काळ्या उष्णतारोधक रंगाचे रुपयाएवढे ठिपके दिले, प्रत्येक सिलिंडरला एक. गाडी वीस मिनिटं फिरवून आणली आणि दारात न्यूट्रलवर चालू ठेवली, दर पाच मिनिटांनी सहाही ठिपके मोजले आणि खडूने गॅरेजच्या फरशीवर लिहीत गेलो. सुरुवातीला पुढचा १६८ फॅरनहाइट, मागचा १८२. दहा मिनिटांनी पुढचा १७०, मागचा २०१. वीस मिनिटांनी पुढचा १७१, मागचा २१५ आणि आतून खळखळ उकळल्याचा आवाज. म्हणजे पुढे ७७ सेल्सिअस आणि दोन फुटांवर मागे १०२. या गाडीचा रेडिएटर बिनदाबाचा आहे, तिथे साधं पाणी १०० ला उकळणारच. पुढचा ठिपका वीस मिनिटं जवळजवळ हललाच नाही, याचा अर्थ रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट तिघंही आपापलं काम व्यवस्थित करत होते. ज्याच्यावर मी सगळा पैसा घातला ते सामान निर्दोष होतं.

तरी लगेच इंजिन उघडू नका, आधी बाकीच्या गोष्टी खोडून काढा, त्याला एक दिवस पुरतो. पहिला काटा स्वतः. या गाड्यांचा टेंपरेचर गेज वायरीवर चालत नाही, बारीक तांब्याच्या नळीतून इंजिनापर्यंत जाणारा बल्ब असतो आणि त्यात ईथर भरलेलं असतं, ती नळी मोडू न देता बल्ब काढून उकळत्या पाण्यात धरा, काटा २१२ च्या आसपास यायला हवा. दुसरं टायमिंग. इग्निशन मागे राहिलं तर इंजिन तापतंच, आणि पुलीवरच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण रिस्टोअर करताना बदललेल्या पुलीवर खूण बरोबर असेलच असं नाही. हेडवर सहाव्या सिलिंडरच्या वर एक छोटा पाइप-प्लग असतो, तो काढून त्यातून वरचं टोक वाकवलेली लांब सळई पिस्टनवर टेकवायची आणि इंजिन हाताने, फक्त हाताने, फिरवायचं, सळई सगळ्यात वर येऊन थांबली की पिस्टन टॉपला. तिथे पुलीची खूण जुळते का बघायचं. कंपनीने ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि फार थोडे लोक वापरतात. डिस्ट्रिब्युटरचा अॅडव्हान्स अडकलेला नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या. मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टची गरमी इनटेककडे वळवणारी पाकळी असते, ती गंजून बंद अवस्थेत अडकली असेल तर कार्ब्युरेटर सतत भाजत राहतो. खालचा होज पंपाच्या ओढीने आत चेपत नाही ना ते इंजिन रेज करून बघा. आणि हेड गास्केट, त्यासाठी निळ्या पाण्याची टेस्ट किट मिळते, रेडिएटरच्या तोंडावर धरायची, जळलेला गॅस पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. माझं निळंच राहिलं.

आणखी एक, जे प्रॉब्लेमच नाही पण लोक घाबरतात. बिनदाबाच्या रेडिएटरमध्ये गळ्यापर्यंत पाणी भरलं की गरम झाल्यावर ते फुगून बाहेर पडणारच, परत भरलं की परत फेकणार. आतल्या नळ्यांची तोंडं बुडतील इतकं पाणी असलं की झालं, तिथे ते आपोआप स्थिरावतं. त्यावर उपाय म्हणून कुणी दाबाचं झाकण बसवायला सांगेल, तर नको, हा रेडिएटर आणि पंपाचं सील दाबासाठी बनवलेलंच नाही.

आता नळी काढायची. पाणी काढायला ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडायला गेलो तर तो रंगाखाली बुजलेला. इंजिनला सुंदर रंग दिला होता पण कॉकसकट दिला होता, म्हणजे रिस्टोअर करताना ब्लॉकमधलं पाणी कधी काढलंच नव्हतं. रंग खरवडून कॉक सोडला तर थेंब नाही. कॉक पूर्ण काढून आत तार घातली तर तार चिखलात रुतली, दोन-तीनदा ढोसल्यावर विटेच्या रंगाचा जाड लगदा बाहेर आला, पाठोपाठ पाणी. हे बघितल्यावर माझी खात्री पटली.

रेडिएटर पूर्ण काढावाच लागतो, कारण नळी सरळ पुढे ओढून काढायची आणि पुढे तेवढी जागा पाहिजे. फॅन काढला, पंप काढला. पंपाच्या मागे नळीचं तोंड दिसतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ते तोंड धडधाकट दिसतं. माझंही दिसत होतं. आधी ज्याने पंप बदलला त्याने हे तोंड नक्की बघितलं असणार आणि ठीक आहे म्हणून वर नवा पंप ठोकला असणार. मी त्यात टॉर्च मारला, तोंडापासून चार बोटं आत नळीला खालचा पत्राच नव्हता.

घाई करू नका. मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारलं, सळईचं टोक हुकासारखं वाकवलं, नळीच्या पहिल्या तोंडात अडकवलं आणि सळईच्या दुसऱ्या टोकाला सरकता हातोडा लावून हळूहळू ठोके दिले. पहिल्या दिवशी बोटभर सरकली. दुसऱ्या दिवशी वीतभर तुकडा हातात आला आणि बाकीची आतच. मग लांब पक्कड, तार, चुंबक, असं करत तुकडे काढत बसलो. शेजारी एक निवृत्त आजोबा आहेत, आयुष्य इंजिन प्लँटमध्ये गेलं त्यांचं, ते खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक तुकडा हातात घेऊन फरशीवर क्रमाने मांडत होते आणि कुठला तुकडा अजून आत आहे ते सांगत होते. एकूण अकरा तुकडे निघाले. एक पण आत राहिला तर नवी नळी शेवटपर्यंत जाणार नाही, म्हणून जुळवून बघणं फार महत्त्वाचं. शेवटच्या तुकड्याची तोंडं तर चिखलाने भरून दगड झालेली होती, सहाव्या सिलिंडरला पाणी कित्येक वर्षं मिळालंच नव्हतं.

नवी नळी मागवण्याआधी, कृपा करून, हेड मोजा. हा मुद्दा इतका वेळा चुकतो की वेगळा सांगतो. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ आणि डॉजचं हेड साधारण २३ इंच लांब असतं, आणि डिसोटो-क्रायस्लरचं आणि कॅनडात बनलेल्या बऱ्याचशा इंजिनांचं २५ इंच. दिसायला दोन्ही सारखीच. आमच्या इथे नदीच्या पलीकडे विंडसर, तिथे क्रायस्लरचा कॅनडातला कारखाना, त्यामुळे गेल्या ऐंशी वर्षांत कुणाच्या गाडीत तिकडचं इंजिन बसलं नसेल हे छातीठोक सांगता येत नाही. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे, डायनॅमोच्या वर, हेडच्या जरा खाली कोरलेला असतो, पी-८ च्या गाडीत तो पी८ ने सुरू व्हायला हवा. माझा तसाच होता आणि हेडही २३ भरलं. ओळखीच्या एकाने नंबर न बघता, गाडी प्लिमथ आहे म्हणून प्लिमथची नळी मागवली, ती दोन इंच कमी पडली, आणि तीही त्याला रेडिएटर परत बसवल्यावर, मागचं सिलिंडर तापायला लागल्यावर कळलं.

नळी पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या, परत पत्र्याची नको. किंमत सांगायची तर रेडिएटर री-कोर करायला जेवढे लागतात त्याच्या दहाव्या हिश्शात येते.

पण नवी नळी घालण्याआधी ब्लॉक धुवायलाच हवा, नाहीतर तोच चिखल नव्या तोंडांत जाऊन बसेल. ब्लॉकच्या बाजूचे गोल फ्रीज प्लग, म्हणजे ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या, मी सगळे काढले, तसेही ते आतून कागदासारखे झाले होते, एकाला तर पेचकस टेकवला तर आरपार गेला. त्या भोकांतून आत बोट घातलं तर सिलिंडरच्या तळाशी मागच्या बाजूला चार इंच गाळ, गंज आणि ओतकामातली जुनी वाळू. चमच्याने, तारेने, ताकदीच्या पाण्याच्या झोताने, दोन बादल्या भरून काढला. मग तात्पुरते प्लग बसवून व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं, सकाळी काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत होज चालू ठेवला. नवे प्लग बसवताना खोबणी चकचकीत साफ करून, सीलंट लावून, गोल डोक्याच्या हातोडीने मधोमध एकच नीट ठोका द्यायचा, प्लग पसरून घट्ट बसतो. फार ठोकला तर उलटा वाकून गळतो.

नळी घालताना जुनीची तोंडं कुठल्या दिशेला होती त्याचा फोटो जवळ ठेवा आणि तशीच घाला. माझी नवी नळी जरासं तेल लावून हाताने शेवटपर्यंत गेली, मागे टेकल्याचा ठक असा आवाज आला, तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. मग पंप, नवं गास्केट, रेडिएटर. वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या तोंडात बायकोच्या जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडा कपासारखा बसवला, कारण कितीही धुतलं तरी पुढचे काही दिवस ब्लॉकमधून गंज सुटत राहतो आणि तो नव्या रेडिएटरमध्ये जायला नको. पहिल्या पन्नास मैलांनंतर काढला तर चहाच्या गाळण्यातल्या चोथ्यासारखा भरलेला होता, बदलला, शंभर मैलांनी अर्धा, मग जवळजवळ रिकामा. तेव्हा जाऊन अर्धं पाणी अर्धं कूलंट भरलं. इथल्या थंडीत नुसतं पाणी ठेवलं तर ब्लॉकच फुटेल, आणि तुमच्याकडे थंडी नसली तरी गंज थांबवायला कूलंट हवंच.

मग तीच परीक्षा, वीस मिनिटं फिरवून दारात न्यूट्रल. वीस मिनिटांनी पुढचा १६९, मागचा १७८. पुढे-मागे चव्वेचाळीसचा फरक होता तो नऊवर आला. दादाला खडूचे दोन्ही तक्ते फोटो काढून पाठवले, त्याचा लगेच फोन आला, "पोचलं की टेलला पाणी! आता मागचे व्हॉल्व्ह बघ, इतकी वर्षं भाजलेत ते."

त्याचं बरोबर होतं. इतके दिवस जास्त तापलेल्या मागच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. माझं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पहिल्या चारला १०५ पीएसआयच्या आसपास, पाचव्याला ९८, सहाव्याला ८८. सहाव्याच्या एक्झॉस्टला गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणाऱ्या टॅपेटमधली फट, उरलाच नव्हता, व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नव्हता, म्हणून गरम झाल्यावर मिसिंग. इंजिन गरम असताना इनटेकला ०.००८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१० इंच गॅप लावला, उजवं पुढचं चाक काढून आतल्या मडगार्डच्या बाजूने हात घालावा लागतो, कंटाळवाणं काम आहे, बोटं भाजतात. शंभर मैलांनी परत मोजलं तर सहावा ९७ वर आला. अनलेडेड पेट्रोलने व्हॉल्व्ह सीट खराब झाली असेल अशी मला भीती घातली गेली होती, पण या इंजिनात एक्झॉस्टला कारखान्यातूनच कडक सीट बसवलेली असते, त्यामुळे तिकडे उगाच पैसे घालू नका.

तापल्यावर गाडी परत चालू न होणं याचं अर्धं कारण नळी होती आणि अर्धं वेगळं, ते पटकन सांगतो. ही गाडी ६ व्होल्टची, बॅटरीचा प्लस बॉडीला. ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल जाड हवी, १/० किंवा २/० गेज (तारेच्या जाडीचं माप). रिस्टोअर करणाऱ्याने दुकानात सहज मिळणाऱ्या, आजच्या १२ व्होल्ट गाडीच्या बारीक केबल लावल्या होत्या, दिसायला नव्या कोऱ्या, पण गरम इंजिनावर सेल मारला की स्टार्टर रडत रडत फिरायचा. सेल मारत असताना बॅटरीच्या मायनस टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत मीटर लावा, मग प्लसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत, पाव व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर केबल किंवा जोड खराब. माझा जवळजवळ एक व्होल्ट पडत होता, सहातला एक. १२ व्होल्टमध्ये बदलून टाका असा सल्ला खूप जण देतील, मला तो पटत नाही. मूळ सिस्टिम जाड केबलवर आणि स्वच्छ अर्थिंगवर उत्तम चालते, ती ऐंशी वर्षांपूर्वीही बर्फात चालू होतच होती.

आता ज्यांना अशी सेडान विकत घ्यायची आहे त्यांच्यासाठी, कारण मला सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच होते. रंगाकडे शेवटी बघा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येण्याआधी गाडी चालू करू नका. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग बघा, विटेसारखा असेल तर आत गाळ आहे, आणि एकदम नवं कोरं हिरवं असेल तर कालच भरलंय का ते विचारा. ब्लॉकचा ड्रेन कॉक रंगाखाली बुजलाय का ते बोटाने चाचपून बघा. इंजिन नंबर लिहून घ्या, हेडला टेप लावा. मग अर्धा तास स्वतः चालवा आणि आल्यावर वीस मिनिटं तशीच चालू ठेवून पुढे-मागे बंदूक धरा, सोबत काळ्या मॅट टेपचे दोन तुकडे न्या म्हणजे रीडिंग खरं येईल. पुढे-मागे दहा-पंधरा डिग्रीचा फरक चालतो. तीसच्या वर असेल तर नळीचं काम करायचंय असं समजून भाव करा. गाडी सोडून द्यायची गरज नाही, बाकी बॉडी चांगली असेल तर हे दोन-तीन शनिवार-रविवारचं काम आहे. आणि जाहिरातीत कूलिंगचं सगळंच सामान नवं दिसलं तर सरळ विचारा, "हे का बदललं?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

गेल्या ऑगस्टमध्ये परत वुडवर्डला गेलो. फर्नडेलपासून पॉन्टियॅकच्या दिशेने साडेतीन तास, बराचसा वेळ जागच्या जागी, बाहेर ऊन होतंच. काटा १८० ला जाऊन बसला तो तिथेच राहिला. जुन्या नळीचे अकरा तुकडे मी डब्यात घालून डिकीत ठेवलेत, कुणी बॉनेट उघडून दाखवा म्हटलं की आधी तो डबा उघडतो.